सहा राजे, एक राणी

1512 च्या डिसेंबरात गोव्यात एक पाहुणा आला. मातेउश त्याचं नाव. आर्मेनियन, पेशानं व्यापारी. बरोबर बायको आणि थोडी नोकरमाणसं होती, पण वकिलाला शोभेल असा लवाजमा नव्हता, नजराण्याच्या पेट्याही नव्हत्या. एडनच्या आखातावरच्या झैला बंदरातून निघून तो कोकणात दाभोळला उतरला होता. दाभोळ तेव्हा आदिलशाहीत होतं. तिथल्या अंमलदारानं त्याला अडकवून ठेवलं, पोर्तुगीजांनी सोडवून गोव्याला आणलं. आता हा माणूस गव्हर्नर अफोन्सो द अल्बुकर्कसमोर उभा राहून सांगत होता, की मी इथिओपियाच्या दरबाराचा वकील आहे, माझ्याजवळ पोर्तुगालच्या राजासाठी पत्र आहे, आणि ज्या क्रुसावर येशूला खिळलं त्या क्रुसाच्या लाकडाचा एक तुकडाही आहे.

ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांना तो तोतया वाटला. काहींनी तर त्याला तुर्कांचा हेर ठरवून टाकलं. अल्बुकर्कनं मात्र विश्वास ठेवला. पवित्र लाकूड मिरवणुकीनं चर्चमध्ये नेलं आणि वकिलाचा मान राखला. अल्बुकर्कसारखा कठोर, संशयी सेनापती असा विरघळला, याचं कारण युरोपच्या एका जुन्या वेडात आहे. बाराव्या शतकापासून युरोपात एक आख्यायिका चालत आली होती: मुसलमानी मुलखांच्या पलीकडे, पूर्वेला कुठेतरी प्रेस्टर जॉन नावाचा एक महाप्रतापी ख्रिस्ती राजा राज्य करतो. साडेतीनशे वर्षं राजे, पोप आणि दर्यावर्दी त्याला शोधत होते. वास्को द गामा कालिकतला आला तोही मिरी आणि हा राजा, दोन्ही शोधत. आणि आता त्या राजाच्या देशातून चक्क पत्र आलं होतं.

त्यातली गंमत अशी, की हे पत्र कुठल्याही जॉननं लिहिलेलं नव्हतं. राजा होता अकरा-बारा वर्षांचा पोर. पत्र पाठवणारी होती एक वृद्ध विधवा राणी, जिला स्वतःचं मूल नव्हतं आणि जिचा जन्म ख्रिस्ती घरातही झालेला नव्हता. तिचं नाव एलेनी. एकापाठोपाठ सहा राजे तिनं गादीवर पाहिले. त्यांतल्या एकाची ती पत्नी होती, एकाची मानलेली आई, आणि शेवटच्याच्या वतीनं तिनं राज्य चालवलं.

माहेर हदियाचं

इथिओपियाचं ख्रिस्ती राज्य उंच पठारावर होतं. थंड हवा, खोल दऱ्या, कड्यांवर वसलेले मठ. चौथ्या शतकापासून तिथे ख्रिस्ती धर्म रुजलेला. पठाराच्या दक्षिणेला आणि पूर्वेला, किनाऱ्याकडे उतरणाऱ्या प्रदेशात मुसलमान सत्ता होत्या. हदिया त्यांपैकीच एक. तिथल्या सत्ताधीशाला गराद म्हणत. हदिया कधी पठारावरच्या सम्राटाला खंडणी देई, कधी ती बंद करून त्याच्या शत्रूला जाऊन मिळे.

एलेनी ही हदियाचा गराद मेहमद याची मुलगी. सम्राट झरा याकोबशी तिचं लग्न झालं ते या खंडणीच्या आणि बंडाच्या राजकारणातून. ती ख्रिस्ती झाली, पठारावर आली आणि पट्टराणीच्या पदावर बसली. त्या दरबारात सगळी मोठी पदं जोडीनं असत, एक उजव्या हाताचं, एक डाव्या हाताचं. राण्यांचंही तसंच. एलेनी उजव्या हाताची राणी झाली.

मान मोठा होता, पण घर सोपं नव्हतं. झरा याकोबनं 1434 ते 1468 राज्य केलं. इथिओपियाच्या सर्वांत समर्थ सम्राटांत त्याची गणना होते. तो धर्मग्रंथ लिहिणारा विद्वान होता. मठांमधले जुने वाद त्यानं मिटवले, 1445 मध्ये पूर्वेकडच्या अदालच्या सुलतानाला लढाईत मारलं, 1450 मध्ये नेपल्सच्या राजा आल्फोन्सोकडे वकील धाडले. आणि तोच माणूस संशयानं पेटला की रक्ताची नातीही पाहत नसे. त्यानं स्वतःच्या मुलींना मोठमोठी पदं दिली, आणि मूर्तिपूजेच्या आरोपावरून त्यांच्यातल्या काहींना देहान्त शिक्षाही दिली. त्याची दुसरी एक राणी आपल्या मुलाला गादीवर बसवू पाहते असा त्याला संशय आला, तेव्हा त्यानं तिला इतके फटके मारवले की त्यातच ती गेली.

खुद्द हदियातही आग लागली. मेहमदनंतरचा गराद महिको, म्हणजे मेहमदचाच मुलगा, खंडणी नाकारून उठला. सम्राटानं त्याच्याच चुलत्याला हाताशी धरलं, महिकोचा पाठलाग करून त्याला ठार मारवलं आणि प्रेताचे तुकडे दरबारात आणवले. ज्या दरबारात हे घडलं, तिथेच एलेनी उजव्या हाताची राणी होती. माहेरचं बंड तिला बुडवायला पुरेसं होतं. बंडखोराची बहीण, धर्म बदलून आलेली, पोटी मूल नाही: मत्सरी दरबाऱ्यांना आणखी काय लागतं? तरीही ती टिकली. झरा याकोब गेला तेव्हा तिचं पद आणि तिचा शब्द दोन्ही जागेवर होते.

चालतं शहर

ती टिकली कशी, हे समजायला तिथला दरबार डोळ्यांसमोर आणावा लागतो. त्या काळच्या इथिओपियाला कायमची राजधानी नव्हती. सम्राट आपल्या सगळ्या दरबारासह देशभर हिंडत असे. एका जागी चारा, लाकूडफाटा आणि धान्य संपलं की अख्खी छावणी पुढे हलायची. या छावणीत हजारो तंबू असत. सम्राटाचे तंबू मधोमध, त्यांच्या दोन्ही अंगांना राण्यांचे, मग चर्चचे तंबू, न्यायाचा तंबू, मुदपाकखाने, सरदारांच्या छावण्या, पार टोकाला बाजार. वारीत पालखीच्या पुढेमागे दिंड्यांचे क्रमांक ठरलेले असतात, तशी इथे प्रत्येकाची जागा ठरलेली. रोज नव्या माळावर मुक्काम पडला तरी कोण कुठे उतरणार हे कुणाला विचारावं लागत नसे. झरा याकोबनं शेवटच्या काळात मात्र देब्रे बिरहान इथे मुक्काम स्थिर केला. आकाशात दिसलेल्या एका प्रखर उजेडाला शुभचिन्ह मानून त्यानं ते ठिकाण निवडलं म्हणतात. तो उजेड 1456 मध्ये येऊन गेलेल्या हॅलेच्या धूमकेतूचा असावा, असं काही अभ्यासकांना वाटतं.

अशा फिरत्या राज्यात दप्तर कमी, आठवण जास्त. कुठल्या प्रांताची खंडणी किती, कोणत्या मठाला कोणती जमीन लावून दिली, कोणत्या सरदाराचं कोणाशी वैर, सीमेवरच्या कोणत्या घराण्याशी सोयरीक झाली होती आणि ती का मोडली, हे सगळं माणसांच्या डोक्यात असे. सम्राट तर बहुधा पडद्याआड. त्याचं तोंड सामान्य माणसाला वर्षातून मोजक्या वेळाच दिसे. हुकूम तोंडोतोंडी बाहेर येत. पडद्याच्या आत जाऊ शकणारी, सगळ्यांना ओळखणारी आणि काही न विसरणारी व्यक्ती अशा ठिकाणी आपोआप मोलाची ठरते.

झरा याकोबनंतर 1468 मध्ये त्याचा मुलगा बैदा मर्यम गादीवर आला. फटक्यांखाली मेलेल्या त्या राणीचा हा मुलगा. स्वतः त्यानंही बापाचा तुरुंग भोगला होता. बापाच्या राण्यांचा त्यानं सूड घेतला असता तरी कुणाला नवल वाटलं नसतं. त्यानं उलट एलेनीला आईच्या जागी मानलं आणि तिला मोठा मान दिला. त्याच्या बखरकारानं एलेनीची थोरवी सांगताना जी यादी दिली आहे, ती मोठी मजेदार आहे. ती देवाधर्मात निष्ठावान, राजाच्या पंगतीचं जेवण सिद्ध करण्यात निष्णात, ग्रंथांची जाणकार, कायद्यात पारंगत आणि राज्यकारभार समजणारी. प्रार्थना, स्वयंपाक, ग्रंथ, कायदा आणि राजकारण सगळं एका दमात! आज वाचताना आपण स्वयंपाकापाशी अडखळतो. पण राजाची पंगत म्हणजे त्या दरबारातलं सर्वांत नाजूक राजकारण होतं. कोण कुठे बसतं, कुणाला कोणता वाटा मिळतो, परक्या वकिलाला काय वाढलं जातं, यावरून सरदार आपली पत मोजत. मुदपाकखाना ताब्यात असणारीला अख्ख्या राज्याची नाडी हाताला लागत होती.

कुलूपबंद डोंगर

एलेनीच्या ताकदीचं दुसरं कारण एका डोंगरात आहे. त्याचं नाव अंबा गेशेन. सपाट माथ्याचा, चारी बाजूंनी कडे तुटलेला. सम्राटाचे भाऊ, पुतणे, चुलतभाऊ, म्हणजे ज्यांच्या अंगात राजरक्त आहे ते सगळे पुरुष या डोंगरावर नेऊन ठेवत. वर खायला-प्यायला मिळे, लग्नं होत, मुलं होत, पण खाली उतरण्याची मुभा नसे. पहारा इतका कडक, की वरून खाली निरोप नेणाऱ्यालाही जबर शिक्षा होई. गादीसाठी भाऊबंदकी होऊ नये म्हणून काढलेला हा उपाय.

आता यातला पेच पाहा. सम्राट मेला की वारस कोण, हे डोंगरावरची माणसं ठरवू शकत नव्हती, कारण ती बंदिवान. खाली छावणीत असलेले मोजके लोक ठरवत: मोठे सरदार, धर्मगुरू आणि राजमाता. ते ज्याला डोंगरावरून उतरवतील तो राजा. बाहेरचं जग फारसं न पाहिलेला तो राजपुत्र एके दिवशी सम्राट होई, आणि राज्य चालतं कसं हे त्याला कुणीतरी शिकवावंच लागे. राजे डोंगरावरून येत आणि मरून जात. छावणीतली राणी मात्र तिथेच असे. पुरुष वारसांना दूर ठेवणाऱ्या व्यवस्थेनं नकळत घरातल्या बाईला राज्याची धनीण करून ठेवलं होतं!

अर्थात हे सगळं सुरळीत चाललं असं नाही. 1478 मध्ये बैदा मर्यम गेला आणि त्याचा लहान मुलगा एस्केंदर गादीवर आला. तेव्हा कारभार मुलाची सख्खी आई आणि काही वजनदार सरदार यांच्या मंडळाकडे गेला, एलेनी बाजूला पडली. तिनं वाट पाहिली. पुढे ते मंडळ मोडलं आणि ती पुन्हा आत आली. 1494 मध्ये एस्केंदर लढाईत मारला गेला. दरबारात दोन तट पडले. त्याच्या लहानग्या मुलाला, दुसऱ्या अम्दा सियोनला, गादीवर बसवलं, तर ते पोर काही महिन्यांत वारलं. मग एस्केंदरचा भाऊ नाओद राजा झाला आणि एलेनीचं वजन वाढत गेलं. 1508 मध्ये नाओदही गेला.

पुन्हा तोच प्रश्न, आता कोण? एलेनी आणि इथिओपियाचे मुख्य धर्मगुरू अबुना मार्कोस यांनी मिळून नाओदच्या अकरा-बारा वर्षांच्या मुलाला पुढे केलं. त्याचं नाव लेब्ना देंगेल. हे आम्ही दोघांनी घडवून आणलं, असं अबुनांनीच पुढे एका पोर्तुगीज पाद्र्याला सांगितलं. हे अबुना मूळचे इजिप्तचे. त्या काळात इथिओपियाचा धर्मगुरू अलेक्झांड्रियाहून, कैरोच्या मुसलमान सुलतानाच्या मुलखातून यायचा. म्हणजे सुलतानाशी उघड वैर घेतलं तर पुढचा धर्मगुरूच मिळणार नाही. मुसलमानाच्या घरी जन्मलेली राणी आणि इजिप्तहून आलेला ख्रिस्ती धर्मगुरू, अशा दोन बाहेरच्यांनी मिळून इथिओपियाचा सम्राट निवडला.

समुद्र नसलेल्यांचं पत्र

कारभार हाती आला तेव्हा एलेनीसमोरचं चित्र बिकट होतं. पूर्वेला अदालच्या बाजूनं महफूज नावाचा अमीर दरवर्षी स्वारी करत असे, आणि तो वेळ मोठी हेरून निवडे. ईस्टरआधीच्या दीर्घ उपासात इथिओपियाचे ख्रिस्ती मांस, दूध, लोणी यांना शिवत नाहीत, दिवस उतरेपर्यंत अन्नही घेत नाहीत. उपासानं सैनिक गळाठले की महफूज यायचा, गावं लुटायचा, माणसं धरून न्यायचा आणि झैलाच्या बाजारात गुलाम म्हणून विकायचा. हे कित्येक वर्षं चाललं होतं.

एलेनीची पहिली पसंती मात्र युद्धाला नव्हती. शेजारच्या मुसलमान सत्तांशी व्यापार चालू राहावा, तह टिकावेत असाच तिचा कल होता. मीठ सोडलं तर बाहेरचा बहुतेक माल पठारावर येई तो मुसलमान व्यापाऱ्यांच्याच हातून, हे ती जाणून होती. पण समेटावर भरवसा ठेवतानाच दुसरी तजवीज करून ठेवावी, एवढं शहाणपण तिनं साठ-सत्तर पावसाळ्यांत कमावलं होतं.

आणि पाण्यावर काहीतरी नवं घडत होतं. हिंदी महासागरात पोर्तुगीज उतरले होते. 1508 च्या मार्चमध्ये आपल्या चौलच्या खाडीत इजिप्तच्या आणि गुजरातच्या आरमारांनी मिळून पोर्तुगीजांना हरवलं. व्हॉइसरॉयचा मुलगा लोरेन्सो त्यात मारला गेला. पुढच्याच फेब्रुवारीत पोर्तुगीजांनी दीवजवळ त्याचा सूड घेतला. पठारावर बसून हे कळणार कसं? एलेनीजवळ त्याची सोय होती. तिच्या दरबारात पेरो द कोव्हिल्यां नावाचा एक पोर्तुगीज होता. 1487 मध्ये त्याच्या राजानं त्याला हेर म्हणून पाठवलं होतं. अरबी बोलत, व्यापारी बनून तो कण्णूर, कालिकत आणि गोवा पाहून गेला होता, तेही वास्को द गामाच्या आधी दशकभर. मग तो इथिओपियात शिरला आणि तिथून त्याला कुणी परत जाऊच दिलं नाही. आलेल्या हुशार परदेशी माणसाला परत न पाठवण्याचा तिथे रिवाजच होता. जमीन मिळाली, बायको मिळाली, मुलंबाळं झाली. एलेनीला त्याच्या सल्ल्याची किंमत होती. 1508 मध्ये पोर्तुगीजांचे आणखी काही दूत मजल-दरमजल करत दरबारात पोचले आणि समुद्रावरच्या या नव्या सत्तेची ताजी खबर मिळाली.

मग तिनं 1509 मध्ये पोर्तुगालचा राजा मानुएल याला पत्र लिहवलं. पत्राचा मतलब आजच्या कुठल्याही परराष्ट्र खात्याला पटावा इतका नेमका आहे. कैरोचा सुलतान तुमच्यावर आरमार उभारतोय असं आम्ही ऐकलंय. आमच्याकडे माणसं अमाप आहेत, रसद डोंगराएवढी देऊ. पण समुद्रावर आमचं काही चालत नाही. समुद्र तुमचा, जमीन आमची. दोघांनी मिळून तांबड्या समुद्राची वाट रोखू. आणि ही मैत्री पक्की करायला तुमच्या घरच्या मुला-मुलींची आमच्या घरच्या मुला-मुलींशी लग्नं लावू. ज्या मुलीचं स्वतःचं लग्न राजकारणातून झालं, तिनं म्हातारपणी दोन खंडांमध्ये सोयरीक जुळवायला घेतली होती!

सोन्याचे नजराणे पाठवले तर वाटेतच लुटले जातील. म्हणून तिनं त्या पवित्र, काळ्या लाकडाचा, चांदीची कडी लावलेला छोटा क्रूस पाठवला. लिस्बनच्या राजाला तो सोन्याहून मोलाचा वाटणार हे तिला माहीत होतं, आणि चोराला त्यात रस नव्हता. वकीलही तसाच निवडला. मातेउश व्यापारी होता, मुसलमान बंदरांतून जा-ये करणारा. रीतसर लवाजम्याचा वकील झैलाच्या पुढे जाऊच शकला नसता.

अकरा वर्षांचं उत्तर

पत्र निघालं तेव्हा गोवा विजापूरकरांचं होतं. पोचलं तेव्हा अल्बुकर्कनं ते जिंकलं होतं. इतका वेळ एकाच पत्राच्या पहिल्या टप्प्याला लागला. गोव्याहून मातेउशला कण्णूरला नेऊन पोर्तुगालच्या जहाजावर बसवलं. पण जहाजावरच्या कप्तानांना तो अजूनही तोतयाच वाटत होता. त्यांनी वाटेत त्याचे हाल केले. 1514 च्या फेब्रुवारीत तो लिस्बनला पोचला. राजा मानुएल मात्र पत्र आणि क्रूस पाहून गहिवरला. कप्तानांना कैदेत टाकलं, आणि त्यांना सोडा म्हणून रदबदली केली ती खुद्द मातेउशनंच. पुढे 1532 मध्ये एलेनीचं पत्र लॅटिनमध्ये छापूनही निघालं आणि युरोपातल्या विद्वानांच्या हाती गेलं.

उत्तर घेऊन मातेउश परत निघाला तो 1515 मध्ये. बरोबर दुआर्त गाल्व्हांव हा सत्तरीचा पोर्तुगीज वकील. आरमार गोव्याला आलं, तांबड्या समुद्रात गेलं, सेनापतीनं धरसोड केली, आणि 1517 मध्ये म्हातारा वकील कामरान बेटावर वारला. मातेउश पुन्हा भारतात. पुन्हा वाट पाहणं. अखेर 1520 च्या एप्रिलमध्ये नवं आरमार त्याला घेऊन मसावाच्या किनाऱ्याला लागलं. अकरा वर्षांनी त्याचे पाय इथिओपियाच्या मातीला लागले, आणि थोड्याच आठवड्यांत, छावणी गाठण्याआधी, तो तापानं गेला. ज्या राणीनं पाठवलं तिला तो परत भेटलाच नाही.

त्याच्याबरोबर उतरलेल्या पोर्तुगीज मंडळींत फ्रान्सिस्को आल्व्हारिस नावाचा पाद्री होता. सहा वर्षं तो इथिओपियात राहिला आणि पाहिलं ते लिहून ठेवलं. 1540 मध्ये लिस्बनला छापलेल्या त्याच्या पुस्तकामुळेच आपल्याला ती छावणी, तो कुलूपबंद डोंगर आणि शेवटच्या वर्षांतली एलेनी दिसते. दरबाराची हवा तोवर बदलली होती. लेब्ना देंगेल जाणता झाला होता. 1516–17 च्या सुमारास त्याच्या सैन्यानं महफूजला गाठून ठार केलं होतं, आणि त्याच सुमारास पोर्तुगीजांनी झैला जाळलं होतं. तरुण राजाला आता कुणाची गरज वाटत नव्हती. मातेउशला आपण पाठवलंच नव्हतं, ते एलेनीचं काम, असं त्यानं पाहुण्यांना सुनावलं. एलेनी गोज्जाम प्रांतातल्या आपल्या मोठ्या जहागिरीकडे आणि तिथे बांधलेल्या मर्तुला मर्यम या चर्चकडे वळली होती. मरियमच्या स्तुतीचे दोन ग्रंथही तिच्या नावावर आहेत.

1522 च्या सुमारास ती वारली. नवरा गेल्याला चौपन्न वर्षं झाली होती. आल्व्हारिस छावणीतच होता. तो लिहितो, की लहानथोर सगळे म्हणत होते, ती सगळ्यांची आई होती आणि बापही, तिच्या आधारावर सगळे जगत होते. त्यानंतर गोज्जामची खंडणी सम्राटाकडे आली तीही त्यानं पाहिली: 3,000 खेचरं, 3,000 घोडे, कापडाचे ढीग आणि वर सोनं. छावणीतून ही रांग जाताना पाहणाऱ्यांना कळत होतं, की म्हाताऱ्या राणीच्या हाताखाली केवढा मुलूख होता.

ती गेल्यावर

एलेनीला भीती होती तेच पुढे घडलं. महफूजची मुलगी देल वंबरा हिचं लग्न अहमद इब्न इब्राहिम या तरुण सेनानीशी झालं. इथिओपियाचे लोक त्याला ग्रान्य, म्हणजे डावखुरा, म्हणत. 1529 मध्ये शिंब्रा कुरेच्या लढाईत त्यानं लेब्ना देंगेलचं सैन्य धुळीला मिळवलं. पुढची दहा-अकरा वर्षं पठारावर आग होती. चर्च जळली, मर्तुला मर्यमही वाचलं नाही, अंबा गेशेनचा डोंगरही शेवटी पडला. लेब्ना देंगेल एका मठातून दुसऱ्या मठात पळत राहिला आणि 1540 मध्ये देब्रे दामोला मेला. शत्रूला शरण न जाणं एवढंच त्याला साधलं.

या लढायांत धरलेली असंख्य माणसं तांबड्या समुद्राच्या पलीकडे आणि तिथून भारतात विकली गेली. दख्खनच्या सुलतानांच्या फौजांत हबशी आधीपासून होते, ते आता आणखी वाढले. 1548 च्या सुमारास इथिओपियात जन्मलेला, लहानपणी विकला गेलेला, अनेक मालकांच्या हातून अहमदनगरच्या निजामशाहीत आलेला एक मुलगा पुढे तिचा वजीर झाला. मलिक अंबर. एलेनीच्या काळापासून चालत आलेल्या गुलामांच्या व्यापारानंच आपल्या इतिहासाला तो दिला.

आणि तिचं पत्र? त्याचं खरं उत्तर 1541 मध्ये आलं. गोव्याहून निघालेल्या आरमारातून वास्को द गामाचा मुलगा क्रिस्तोव्हांव 400 बंदूकधारी घेऊन मसावाला उतरला. त्यानं सुरुवातीच्या लढाया जिंकल्या, मग तुर्कांची कुमक मिळालेल्या ग्रान्यनं 1542 मध्ये त्याला पकडून मारलं. उरलेले पोर्तुगीज लेब्ना देंगेलच्या मुलाला, सम्राट गलावदेवोसला जाऊन मिळाले, आणि 1543 च्या फेब्रुवारीत वायना दगाच्या लढाईत ग्रान्य पडला. राज्य वाचलं. चौतीस वर्षांपूर्वी एका म्हातारीनं जो सौदा मांडला होता, की समुद्र तुमचा आणि जमीन आमची, तो अखेर असा पुरा झाला.

क्रिस्तोव्हांव मोहिमेवर निघाला तेव्हा देब्रे दामोच्या मठावर लेब्ना देंगेलची विधवा राणी सब्ला वंगेल राहत होती. या डोंगरावर चढायला वाट नाही, दोराला धरूनच वर जावं लागतं आणि तसंच खाली यावं लागतं. राणी खाली उतरली आणि फौजेबरोबर लढाईच्या मुलखात फिरली. परकी फौज आपल्या लोकांत मिसळू शकली ती तिच्यामुळे, कारण सम्राट दूर होता आणि लोकांना ओळखीचा चेहरा राणीचाच होता. पुढे 1730 मध्ये मेंतेवाब राणीनं लहान मुलाच्या वतीनं राज्य हाती घेतलं, तेव्हा तिनं स्वतःला रीतसर राज्याभिषेकच करवून घेतला. एलेनीनं आठवण, सबुरी आणि पंगतीतली जाण यांच्या बळावर जे चालवून दाखवलं, ते दोनशे वर्षांनी इथिओपियात उघड उघड मुकुटाचं काम झालं.